कोंबडी पाळण्यास परवानगी मिळणेबाबत

दिनानाथराव वैरागड्यांनी कोंबडी पाळायचं ठरवलं, यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत निम्म्या घरांच्या परसात कोंबड्या होत्या, काही घरी बदकं होती आणि कॅन्टीनवाल्या रंगाकडे तर टर्की कोंबडा होता. चूक झाली ती एवढीच, की दिनानाथरावांनी कोंबडी आणण्याआधी परवानगी मागितली.

माणूस सरळ होता, त्याला इलाज नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली, पण एक मेमो म्हणून घेतला नाही. निवृत्तीला आता चार महिने उरले होते. तिथली पद्धत अशी, की निरोपाच्या समारंभात मोठे साहेब स्वतः उभे राहून माणसाच्या सेवापुस्तकातला शेवटचा शेरा मोठ्याने वाचतात. 'निष्कलंक सेवा' हे त्यातले दोन शब्द ऐकायला बायकामुलं नवे कपडे घालून येतात. गेल्या वर्षी एका फोरमनच्या शेऱ्यात 'बहुतांशी निष्कलंक' असं निघालं, आणि तो गृहस्थ गळ्यात हार घेऊन शेवटपर्यंत बुटांकडे बघत बसला. दिनानाथरावांच्या डोळ्यांपुढून ते बूट हलत नव्हते. आपल्या शेऱ्यात 'बहुतांशी' येता कामा नये, एवढी एकच इच्छा बाळगून ते रोज सायकलवर टांग टाकत.

निवृत्तीनंतर छंद हवा, असं त्यांना फोनवरच्या कुठल्याशा व्हिडिओने पटवलं होतं. त्यात एक गोरापान म्हातारा सकाळी परसात जाई, कोंबडीखालून गरम अंडं काढी आणि आयुष्याचं सार्थक झाल्यासारखा हसे. दिनानाथरावांनी तो व्हिडिओ अलकनंदाबाईंना दाखवला.

"काहून जी," अलकनंदाबाई म्हणाल्या, "बाजारात अंडी भेटणं बंद झालं का?"

नागपूरच्या कारखान्यातून इकडे बदली होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचं 'काहून' तसंच होतं. त्यांच्याबरोबर नागपूरहून आलेली दुसरी वस्तू म्हणजे भलामोठा कूलर. चेन्नईत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तो लावला, तेव्हा खोली गार होण्याऐवजी भिंतीवरची कॅलेंडरं ओली झाली. तेव्हापासून तो परसात गंजत पडला होता. दिनानाथरावांनी त्याचा पंखा काढला, आत गवत अंथरलं, जाळीच्या बाजूला दार बसवलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा अलकनंदाबाईंनी नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. खुराडं तयार झालं. आता कोंबडी आणायची तेवढी उरली होती.

इथे वेंकोबा रावांचा प्रवेश झाला. हे वरच्या मजल्यावरच्या श्रीरंजनी टीचरचे वडील. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे त्यांचं मराठी थेट मोडी कागदातून उठून आल्यासारखं वाटे, आणि मध्येच तमिळमध्ये शिरे. सोवळं कडक. अंडं हा शब्दसुद्धा ते 'तें पांढरें' असा उच्चारत. पण मसुदा लिहायचा म्हटलं की त्यांच्या अंगात वीस वर्षांचा तरुण संचारे.

"सरकाराची जागा, दिनानाथराव. विचारल्यावांचून कसें?" गॅलरीतून वाकून ते म्हणाले. "अर्ज कराच. थ्रू प्रॉपर चॅनल. ड्राफ्ट मी करून देतों."

अर्ज दोन पानी झाला. इंग्रजी इतकं घरंदाज, की वाचताना दिनानाथरावांना आपण कोंबडी मागतोय की जहागीर, ते कळेना. किती पक्षी पाळणार, या जागी वेंकोबांनी 'अल्पसंख्य' अशा अर्थाचा शब्द घातला होता. आकडा टाकला की माणूस अडकतो, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

मागच्या ओळीतला फिटर मंदार, त्याची आई सकवारबाई. साताऱ्याकडच्या. चेन्नईत येऊन मुलाच्या क्वार्टरमागे त्यांनी अकरा कोंबड्यांचा संसार मांडला होता. अर्जाची बातमी कळली तशा त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आवो भाऊ, कोंबडी पाळाया कागुद कशापायी? कोंबडीला वाचता येतं व्हय?"

"नियम आहे, मावशी."

"हाय तर हाय. त्यो निजलाय, निजू द्या की. उगा कशाला हालवून जागा करताय?"

बाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण सरकारी कारभाराचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. दिनानाथरावांना ते पटलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

एस्टेट ऑफिसातले क्लार्क नारायणस्वामी यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. आजवर असा अर्जच आला नव्हता. त्यांनी नवी फाइल उघडली, तिला नंबर दिला आणि सांगितलं, "सार, डावीकडे, उजवीकडे आणि वर, तिन्ही शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र पाहिजे."

डावीकडच्यांनी दिलं. उजवीकडे रंगा राहत होता. त्याच्या टर्कीने दिनानाथरावांची लुंगी दोनदा फाडली होती, त्यामुळे त्याने मुकाट्याने दिलं. वर वेंकोबा. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, "मी आक्षेप घेणार."

"अहो, पण अर्ज तुम्हीच लिहिलात!"

"अर्ज उत्तम जाहला आहे. त्यांत खोट नाहीं. परंतु माझे संध्येचे वेळीं खालीं कोंबडी फिरणार, तें मज चालणार नाहीं. हें वेगळें, तें वेगळें."

त्यांनी दीड पानी आक्षेप दाखल केला. ऑफिसने तो खुलाशासाठी दिनानाथरावांकडे पाठवला. दिनानाथराव तो कागद हातात घेऊन हताश बसले, तेव्हा जिना उतरून वेंकोबाच आले. "उत्तर कडक हवें," म्हणाले, "आक्षेप फार भक्कम आहे." आणि त्यांनी आपल्याच आक्षेपाचे असे काही वाभाडे काढले, की शेवटी त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. दोन दिवस ते दिनानाथरावांशी बोलले नाहीत.

महिना गेला. कूलर रिकामाच. एके दिवशी सकवारबाई आल्या, पदराखालून तांबूस रंगाची एक तलंग काढली, तिच्या पायाची दोरी परसातल्या नळाला बांधली आणि म्हणाल्या, "तुमचा कागुद येईस्तवर कोंबडीची म्हातारी व्हईल. ऱ्हाऊ द्या हिला." दिनानाथरावांना घाम फुटला. मंजुरीआधी कोंबडी! वेंकोबांनी लगेच पुरवणी पत्र लिहून दिलं, की 'मंजुरीच्या अपेक्षेने सदर पक्षी दाखल झाला असून त्याची नोंद घ्यावी.' अलकनंदाबाईंनी त्या दिवसापासून कोंबडीला सदरबाई म्हणायला सुरुवात केली. सदरबाई पाच दिवसांनी अंडं घालून इतकी ओरडली, की वेंकोबांची संध्या बुडाली आणि आक्षेपाला पुरवणी जोडली गेली.

दिनानाथरावांनी ते अंडं तळहातावर घेतलं. गरम होतं. त्या व्हिडिओतला म्हातारा का हसत होता, ते त्यांना आता कळलं. त्या अंड्याचं काही करायला त्यांचं मन होईना; शेवटी अलकनंदाबाईंनी त्याची भुर्जी केली आणि दिनानाथरावांनी ती फार गंभीरपणे खाल्ली.

इकडे फाइल फिरतच होती. ती आरोग्य विभागात गेली, तिथे कुणीतरी समासात विचारलं, 'सध्या वसाहतीत किती घरी पक्षी आहेत?' या साध्या प्रश्नाला कारखाना सुरू झाल्यापासून कुणी हात लावला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती उघडली. प्राणेश नावाचा तरुण एस्टेट ऑफिसर नुकताच रुजू झाला होता. त्याने परिपत्रक काढलं: गुरुवारी सकाळी अकरा वाजता तपासणी. विनापरवाना पक्षी जप्त होतील. मात्र ज्यांचा अर्ज या तारखेपूर्वी दाखल असून निर्णय प्रलंबित आहे, त्यांच्या पक्ष्यांना हात लावू नये.

परिपत्रक नोटीस बोर्डावर लागलं. लोकांनी ते दोनदा वाचलं. सगळ्या वसाहतीत प्रलंबित अर्ज असलेला माणूस एकच होता.

गुरुवारी तपासणीसाठी दिनानाथरावांनी रजा टाकली होती; सकाळी सात वाजता ते दाढी करत होते. दार वाजलं. दारात मंदार, पाठीवर हलणारं पोतं. "काका, दुपारपर्यंतचा प्रश्न आहे. आई बाजारात गेलीय, मी दिसतील तेवढ्या कोंबल्या यात." ते काही बोलायच्या आत अकरा कोंबड्या बैठकीच्या खोलीत मोकळ्या झाल्या. मागोमाग रंगा चार बदकं घेऊन आला आणि गेला. परत आला तेव्हा टर्की होता. मग शाळेचे पी.टी. मास्तर आले, नर्सबाई आल्या. कुणी टोपलीतून, कुणी बादलीतून, एकाने हेल्मेटमधून पक्षी आणले. प्रत्येक जण 'परवाइल्ले ना, सार?', म्हणजे चालेल ना, असं विचारून, उत्तराची वाट न पाहता निघून जात होता. साबण एका गालावर सुकला होता. दुसरा गाल घेऊन दिनानाथराव मधोमध उभे होते.

साडेनऊपर्यंत बदकं न्हाणीघरात, टर्की देवघराच्या दारात आणि दोन कोंबडे सोफ्यावर एकमेकांचा जीव घेण्याच्या तयारीत, अशी मांडामांड झाली. अलकनंदाबाईंनी देवांना कपाटात हलवलं आणि स्वतः पोळपाट घेऊन दारात बसल्या. गॅलरीतून वेंकोबा विचारत होते, "काय संगती? किती जाहले?" दिनानाथरावांना मोजायचा धीर झाला नाही.

बाराच्या सुमारास प्राणेश आला, मागे नारायणस्वामी. वसाहतीतली चाळीस घरं तपासून त्यांना एक पीस मिळालं नव्हतं. इथे दार उघडताच प्राणेशने एक पाऊल मागे घेतलं.

मोजणीला तास लागला. नारायणस्वामींनी प्रत्येक पक्ष्याच्या पायाला कागदी पट्टी चिकटवून नंबर घातला. टर्कीने त्यांचं पेन खाल्लं. एकूण भरले त्रेचाळीस.

"मिस्टर वैरागडे," प्राणेश म्हणाला, "अर्जात 'अल्पसंख्य' लिहिलं आहे."

दिनानाथरावांनी गालावरचा सुकलेला साबण खरवडला. कुंपणापलीकडे आता सगळी वसाहत जमली होती आणि आपला काही संबंध नसल्यासारखी आकाशात बघत होती. सकवारबाई बाजाराची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना पाहताच त्यांच्या कोंबड्या खिडकीकडे धावल्या आणि गजांमधून माना काढून कलकलाट करू लागल्या. बाईंनी घाईने पाठ फिरवली.

"हे सगळे तुमचेच आहेत?" प्राणेशने विचारलं.

बत्तीस वर्षांत दिनानाथरावांनी सरकारी कागदावर एक खोटा स्क्रू लिहिला नव्हता. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसांपैकी एकेकाच्या दारात जप्तीची नोटीस लावायची, तीही आपल्यामुळे, हे काही त्यांच्या जिभेवर येईना.

"माझेच," ते म्हणाले.

"टर्कीसुद्धा?"

दिनानाथरावांनी टर्कीकडे पाहिलं. "त्याच्यावर विशेष जीव आहे," ते म्हणाले.

प्राणेशने दाराबाहेर येऊन वर गॅलरीकडे पाहिलं. "आक्षेप घेणारे आपणच ना? आपलं काय म्हणणं आहे?"

वेंकोबांनी उपरणं सारखं केलं. "माझा आक्षेप एका कोंबडीस आहे. रेकॉर्ड पाहावें. बाकी बेचाळीसांविषयीं मी कांहींही आक्षेप घेतलेला नाहीं."

पोरगा वाईट नव्हता. रजिस्टर मिटून तो म्हणाला, "अर्ज प्रलंबित आहे, तेव्हा मी जप्ती करत नाही. पण निर्णय होईपर्यंत हे त्रेचाळीस पक्षी जसेच्या तसे इथेच राहतील. सोमवारी फेरमोजणी. त्रेचाळीस भरले तर मी प्रकरण मंजुरीला पाठवतो. एक जरी कमी भरला, तर पक्ष्यांची परस्पर विल्हेवाट लावली म्हणून मला मेमो द्यावा लागेल. सॉरी, सार."

मेमो! दिनानाथरावांना ते बूट दिसले. चार दिवस. कसंही करून चार दिवस काढायचे. त्यांनी मनातल्या मनात दाणे, पाणी आणि झोपायची जागा यांचा हिशोब मांडला. झोपायची जागा उरत नव्हती, पण ते ठीक होतं.

साहेब गेले आणि सकवारबाई आत आल्या. सरळ सोफ्यामागे जाऊन त्यांनी एक काळी, फुगलेली, रागावलेली कोंबडी उचलली. पायाला तेवीस नंबर.

"हिला का आणली त्या मुडद्यानं?" त्या म्हणाल्या. "खुडूक हाय ही. बारा अंडी हाईत तिच्याखाली. रविवार-सोमवारला पिल्लं निघायची. सकाळधरनं अंडी उघडी पडल्यात, भाऊ."

"अंडी इकडे आणू," दिनानाथराव म्हणाले. "कूलरमध्ये ठेवू."

"जागा हालली की बसायची न्हाई ती. आन् ह्या बाजारात तर न्हाईच न्हाई."

दारातून वेंकोबा म्हणाले, "दुसरी काळी कोंबडी आणून ठेवावी. पायाला तेवीस लिहावें." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नको. तें फोर्जरी होईल."

सगळे दिनानाथरावांकडे बघत होते. अलकनंदाबाईही. फेरमोजणी काय होती, ते सगळ्यांनीच कुंपणापलीकडून ऐकलं होतं, आणि 'निष्कलंक' या शब्दासाठी हा माणूस कसा झुरतो, तेही वसाहतीला ठाऊक होतं. म्हणूनच कुणी 'द्या' म्हणेना. सकवारबाईसुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांनी कोंबडी हळूच खाली ठेवली.

काळी कोंबडी खाली बसली. फरशीवर, काहीच नसताना, पंख पसरून बसली, आणि चोचीने पोटाखाली चाचपू लागली. दिनानाथरावांना ते बघवेना.

त्यांनी वाकून तिला उचललं. तिने त्यांच्या मनगटाला कचकन चोच मारली. "घेऊन जा, मावशी," ते म्हणाले. "पळा आता. अंडी गार होतील."

सकवारबाई तिला पदराखाली घेऊन पळाल्या. साठीतली बाई इतकी पळताना वसाहतीने कधी पाहिली नव्हती. मग दिनानाथरावांनी दोन्ही दारं सताड उघडली. "एक कमी झाली, आता बाकीच्या कशाला कोंडायच्या? आपापल्या न्या. आणि रंगा, तू आधी तुझा तो देवघरातला काढ."

रात्री जेवताना अलकनंदाबाईंनी त्यांच्या पानात तूप जास्त वाढलं. "चुकलं का गं माझं?" दिनानाथरावांनी विचारलं. "तुमचं कधी काही चुकत नाही, तेच तर चुकत होतं," अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या.

शुक्रवार, शनिवार दिनानाथरावांचं मन कशात लागलं नाही. रविवारी ते चारदा सकवारबाईंकडे जाऊन आले. अंडी सहा-सात तास उघडी राहिली होती; बाई म्हणत होत्या, चेन्नईचं ऊन आहे म्हणून आशा, नाहीतर गेलीच. रविवारी काही झालं नाही. सोमवारी त्यांनी एरवी क्वचितच काढत ती रजा पुन्हा अर्धा दिवस काढली, फेरमोजणी आपल्या घरी आहे हे साफ विसरले आणि मंदारच्या परसात टोपलीसमोर उकिडवे बसले. वेंकोबाही आले होते. सोवळ्यासाठी चार हात लांब, पण मान पुढे काढून.

साडेअकराला पहिल्या अंड्याला तडा गेला. मग दुसऱ्याला. कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं, काळपट डोकं वर आलं आणि त्याने पहिली 'चिव' केली. सकवारबाई मटकन खाली बसल्या. वेंकोबांच्या चार हातांचे दोन हात झाले, मग एक.

"आठ तरी असतील," दिनानाथराव म्हणाले.

"मोजू नका," सकवारबाई कुजबुजल्या. "नजर लागती."

मागून बुटांचा आवाज आला. प्राणेश होता, हातात मोजणीचं रजिस्टर आणि एक लिफाफा. त्याला घरी एकच कोंबडी सापडली होती. "सार," तो खाली बघत म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतं. पण मेमो आहे."

बत्तीस वर्षं साहेब आले की दिनानाथराव उभे राहत आले होते. रविवारी बाजारात भेटले तरी पिशवी खाली ठेवून उभे राहत. आज त्यांनी बसल्या बसल्या हात मागे नेला, लिफाफा घेतला, न उघडता खिशात टाकला आणि पुन्हा टोपलीत पाहिलं. नववं अंडं हलत होतं. त्यांना इतका आनंद झाला होता, की त्या क्षणी त्यांच्या सेवापुस्तकात कुणी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"साहेब," ते मान न वळवता म्हणाले, "जरा बाजूला व्हा. तिच्या उन्हात उभे आहात तुम्ही."

प्राणेश बाजूला झाला.